शेवटच्या षटकाआधीची नाडी

टीव्हीवर दुपारच्या सामन्याचं शेवटचं षटक टाकायला तो एकोणचाळीस वर्षांचा गोलंदाज आला आणि आधी बुटाची नाडी बांधायला थांबला. वाकून नाही, एक गुडघा जमिनीला टेकवून, सावकाश. मीही हल्ली तशीच बांधतो.

मोबाइलवर आमच्या नातेवाइकांमध्ये एक खेळ चालतो. अकरा खेळाडू निवडायचे, ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. माझी आणि पुण्यात शिकणाऱ्या लेकीची मिळून एकच टीम. तिने हट्टाने त्याला घेतलं होतं. नाणेफेकीच्या जरा आधी, तिला न विचारता, मी त्याला काढून टाकलं. गेल्या काही सामन्यांत त्याला चोप बसला होता. आकडे पाहून मी ठरवलं, हा संपला.

आता त्याला षटकार बसावेत असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे माझी लबाडी शहाणपणात जमा झाली असती. माझ्याहून लहान माणूस म्हातारा ठरावा म्हणून मी देव पाण्यात ठेवून बसलो होतो. लाज वाटली. दुपारचं ताट समोर तसंच पडलं होतं.

चौथ्या चेंडूवर मधला स्टंप उडाला आणि सामना संपला. घरात एकटाच होतो, तरी मी टाळ्या वाजवल्या. मग लेकीला फोन लावला.

"अगं, त्याला मी काढला होता."

"दिसलं होतं मला तेव्हाच. सांगतोस की नाही, तेवढंच बघत होते. आणि बाबा, आपण शेवटून पहिले आलोय!"

"पण टाकला कसला गं त्याने!"

त्या संध्याकाळी मला कडकडून भूक लागली.