सोनकांबळे सरांचं लॉगिन

सोनकांबळे सर गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. ते मी वाचलं. दीड महिन्यापूर्वी सकाळी अकराच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातून फोन आला की रुग्णांची यादी उघडायला फार वेळ लागतोय. नांदेडच्या एका खासगी रुग्णालयात मी डेटाबेस सांभाळतो, त्यामुळे अशी तक्रार रोजचीच. कुठे अडतंय ते पाहायला तीच यादी मी माझ्या पडद्यावर चालवली. मधोमध ओळ होती, प्रल्हाद सोनकांबळे. गेले नऊ दिवस त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात ‘दाखल’ असा शब्द होता. त्या सकाळी तिथे ‘मृत’ होता. नऊ दिवस मी ते नाव रोज पाहत होतो आणि एक जिना चढून वर गेलो नव्हतो... का गेलो नव्हतो, ते सांगायला हवं.

मी निलंगा तालुक्यातल्या एका लहान गावचा. घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. लातूरला संगणकाची पदवी घेतली आणि या रुग्णालयात लागलो, तेव्हा गावच्या चौकात माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता. सोनकांबळे सर संगणक विभागाचे प्रमुख होते, मूळचे हिमायतनगरकडचे. शिक्षण बारावी. नोंदणीच्या खिडकीवर टायपिंग करता करता, स्वतःच वाचून ते डेटाबेस शिकले होते. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. “पदवीधर, इकडं या,” म्हणायचे, आणि सगळी खोली हसायची.

पहिल्याच महिन्यात मी भर दुपारी एका तक्त्यात मोठा बदल सुरू केला आणि तो पक्का न करताच जेवायला गेलो. बदल अर्धवट असेपर्यंत डेटाबेस त्या नोंदी कुलूप लावून ठेवतो, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. खाली नोंदणीच्या चारही खिडक्या थांबल्या. परत आलो तर सरांनी कुलूप सोडवलं होतं. ते रागावले नाहीत. दंडाला धरून मला खाली नेलं आणि रांगेच्या तोंडाशी उभं केलं. म्हणाले, प्रत्येकाला सांग, माझ्यामुळं थांबावं लागलं. तासभर मी ते सांगत उभा होतो. एक म्हातारी म्हणाली, “तुझ्यामुळं का बाबा? मग आधीच चालू करायचं व्हतं की.” लोक हसले. सर भिंतीला टेकून पाहत होते. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांचं वाईट व्हावं असं मनात आलं. आज सांगतो, त्यानंतर मी एकही बदल उघडा ठेवून खुर्चीतून उठलेलो नाही.

ते असेच शिकवायचे. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, संथ चालली की इंडेक्सची सूची लावून मोकळं व्हायचं नाही, आधी ती कोणत्या वाटेने जाते ते पाहायचं. बॅकअप घेतला म्हणून खूश व्हायचं नाही, दर शनिवारी तो जुन्या मशीनवर उघडून दाखवायचा. नोंद पुसायच्या आधी तीच अट लावून नुसती यादी काढायची, आणि त्यातली नावं मोठ्याने वाचायची. मी वाचायचो. मध्ये एखादं नाव गिळलं तर पुन्हा पहिल्यापासून.

मग ते दुहेरी नोंदींचं प्रकरण आलं. एकाच रुग्णाच्या दोन-दोन नोंदी पडतात, अहवाल खराब दिसतो, त्या एकत्र करा, असं व्यवस्थापकांचं म्हणणं होतं. सरांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडे नाव, बापाचं नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून माणूस एक होत नाही. गुरुजींनी शाळेत नाव घालताना ज्याची तारीख माहीत नाही त्याला एक जून देऊन टाकला. “निम्मा जिल्हा एक जूनला जन्मलाय साहेब,” ते म्हणाले, “मीबी त्यातलाच.” व्यवस्थापकांना ते आवडलं नाही.

सर पुतणीच्या लग्नाला दोन दिवस गावी गेले, तेव्हा व्यवस्थापकांनी मला बोलावलं. तुम्ही तर डिग्रीवाले, तुम्हाला हे जमायला हवं, असं म्हणाले. मला जमलं. पंधरा-वीस ओळींत जमलं. चार गोष्टी जुळल्या की जुनी नोंद नव्यात मिसळायची, आणि माहिती वेगळी असेल तिथे नवीनचं खरं धरायचं. नावं मोठ्याने वाचली नाहीत. वाचायला कुणी सांगणारं नव्हतं. सरांना कळवलंही नाही. अहवाल स्वच्छ झाला, व्यवस्थापकांनी पाठ थोपटली.

तीन आठवड्यांनी हदगावकडचा एक माणूस पायाच्या जखमेसाठी आला. मारोती, बापाचं नाव ग्यानोबा, जन्म एक जून. त्याच गावात त्याच नावाचा, त्याच तारखेचा आणि सालाचा दुसरा मारोती ग्यानोबा होता, त्याच आडनावाचा. या मारोतीच्या नोंदीत ठळक लिहिलेलं होतं की एक ठरावीक इंजेक्शन याला चालत नाही. त्याची नोंद जुनी, म्हणून मिसळताना ते गेलं. त्याने सिस्टरना तोंडाने सांगितलंही होतं की मला ही सुई सोसत नाही. सिस्टरनी पडदा पाहिला आणि म्हणाल्या, इथे तसं काही नाही. तो अकरा दिवस अतिदक्षता विभागात होता. वाचला, पण वाचा गेली.

नोंदीचा माग काढत सर माझ्यापर्यंत पोचले आणि मला त्याच्या खाटेपाशी घेऊन गेले. “हा तुझा डुप्लिकेट,” ते म्हणाले. “नीट बघ. एकच हाय का दोन?” मारोतीची बायको मला डॉक्टर समजली. तिने पदराने स्टूल पुसलं आणि बसा साहेब म्हणाली. सरांनी मला बसायला लावलं. मारोती माझ्याकडे पाहून घशातून काही आवाज काढत होता... ते काय होतं, मला आजही माहीत नाही. नंतर दोन दिवस घरी न जाता सरांनी जुन्या बॅकअपमधून अशा सगळ्या जोड्या पुन्हा वेगळ्या केल्या. मी शेजारी बसून नावं वाचत होतो.

चौकशी व्यवस्थापकांच्याच खोलीत झाली. बाहेरून दोन वडीलधारे डॉक्टर आले होते. व्यवस्थापक म्हणाले, मी असा आदेश दिलाच नव्हता. सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “बटण यानं दाबलं. कुणी सांगितलं ते हाच सांगंल.” आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी उत्तर चुकवलं की ते जसे थांबून पाहायचे, तसे. मला एवढंच सांगायचं होतं की आदेश व्यवस्थापकांचा होता आणि सरांनी विरोध केला होता. मला चौकातला फ्लेक्स आठवला. मी म्हणालो, “मी सरांच्या हाताखाली आहे. सांगितलं ते केलं.”

सरांना नोकरीवरून काढलं, आणि बारावीवाल्याच्या हाती एवढं काम द्यायलाच नको होतं, असं सगळे म्हणू लागले.

त्यांचं लॉगिन काढायचं काम मला दिलं, तेही त्यांच्यासमोर. मी आज्ञा टाइप केली. डेटाबेसने नकार दिला. सगळे तक्ते सरांनी उभे केलेले, म्हणून त्यांचे मालकही तेच. ज्याच्या नावावर काही आहे त्या माणसाला डेटाबेस काढू देत नाही. मला पुढे सुचेना. सर डब्याची पिशवी घेऊन मागे उभे होते. “आधी माझं सगळं तुझ्या नावावर कर,” ते म्हणाले, “मग मी निघतो.” ती आज्ञा त्यांनी मला अक्षर अक्षर सांगितली, पहिल्या दिवशी सांगितली होती तशी. मी दाबत गेलो. मग त्यांचं नाव गेलं. “आता बॅकअप घे,” म्हणाले आणि जिना उतरले. त्यानंतर तीन वर्षांनी ते मला दिसले, ते त्या यादीत.

तेराव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, नाव सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “तुम्ही ते पदवीधर.” पाणी दिलं. वॉर्डातून त्यांचा मुलगा मला बोलवायला निघाला होता, पण सरांनीच जाऊ दिलं नाही, असं त्यांनी सांगितलं. खालीच बसतो तो, त्याला माझं नाव दिसतंय, यायचं आसंल तर येईल, असं सर म्हणाले होते. मी हात जोडले आणि तीन वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बोलून टाकलं.

“आम्हाला ठावं हाय ते,” काकू म्हणाल्या. “इथं सांगून काय व्हतंय? जिथं बोलायचं व्हतं तिथं बोलला न्हाईत तुम्ही.”

सोमवारी मी व्यवस्थापकांच्या खोलीत गेलो. चौकशीच्या दिवशी ज्या बाजूला बसलो होतो त्याच बाजूला बसलो आणि म्हणालो, त्या दिवशी मी खोटं बोललो, आदेश तुमचा होता, सरांनी नाही म्हटलं होतं, हे लेखी घ्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. आवाजही चढवला नाही.

“अहो, ते वारले ना? मग आता कुणासाठी लिहायचं?” त्यांनी बेल दाबली. शिपाई आत आला. “दोन चहा. तुम्हाला साखरेचा की बिनसाखरेचा?”

मी म्हणालो, “साखरेचा.”