मैदानात हरळी

लॉनच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. ट्रक भरेपर्यंत तीन-तीन तास बसून राहायचं, चहा गार होतो, आणि तेवढ्या वेळात माणसं काहीतरी करून ठेवतात. माझी बारामतीजवळ जळोचीला नर्सरी आहे. बंगल्यांपुढं लॉन लावता लावता कंबर कामातून गेली. त्यात सतरा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉल स्पर्धा पुण्याकडं आली, देशोदेशीचे संघ येणार होते, आणि मैदानाच्या गवताचं काम कसं कोण जाणे, माझ्या गळ्यात पडलं.

* * *

एवढं गवत नर्सरीत मावणार नव्हतं. माळेगावच्या हणमंततात्यांनी उसाचा खोडवा मोडून दोन एकर रान दिलं. आता फुटबॉलला लागतं ते गवत म्हणजे आपल्या हरळीचीच सुधारलेली जात. उसात हरळी शिरली की उपटून उपटून माणूस रडकुंडीला येतो. ती तात्यांनी आपल्या हातानं, दोरी धरून लावली!

तात्यांचे वडील, आबा, पंच्याऐंशीचे. ते बांधावर आले, वाकून बघितलं आणि एक शब्द न बोलता घरी गेले. त्या दिवसापासून त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. तात्या मला म्हणाले, "ह्ये मैदान फेल गेलं तर आबा माझ्याशी मरंस्तवर बोलायचं न्हाईत." मला पुढं झोपच लागेना.

* * *

तात्या खत आणायला बारामतीला दुकानात गेले. दुकानदार पोत्यावर रेललेला. तात्यांनी हरळीसाठी खत मागितलं, त्यानं तणनाशकाची बाटली ठेवली. तात्या म्हणाले, मारायची नाही, वाढवायची आहे. दुकानदारानं त्यांच्याकडं नीट बघितलं, बाटली आत ठेवली आणि त्याहून मोठी बाटली काढली. वर हळू आवाजात विचारलं, "तात्या, घरी समदं ठीक हाय न्हवं?"

* * *

आबांचा अबोला पाच महिने चालला. मी गवत बघायला गेलो की दोघं एकाच ओट्यावर, दोन हातांच्या अंतरावर बसलेले. आबा मला सांगायचे, "त्याला म्हणावं, मोटार चालू ऱ्हायलीया." तात्या उठून बंद करून यायचे आणि मला सांगायचे, "झाली म्हणावं." मी दिवसभर पन्नास किलोमीटर हिंडून आलेलो असायचो. तरी इकडचं तिकडं सांगायचो, कारण नाही सांगितलं तर दोघंही माझ्याकडंच बघत राहायचे.

* * *

गवत मातीसकट पट्ट्या कापून, चटईसारखं गुंडाळून ट्रकनं मैदानावर नेलं. पट्ट्या अंथरायला आमच्या नर्सरीतल्या शोभाकाकू आणि त्यांच्या दहा बाया. कांद्याची लागण करतात तशा उकिडव्या बसून, सरकत सरकत त्यांनी निम्मं मैदान दुपारपर्यंत उरकलं. स्पर्धेकडून मैदान तपासायला आलेले परदेशी साहेब हे बघून थक्क झाले. फोटो काढता काढता ते काकूंच्या अगदी पुढ्यात आले. काकू सकाळपासून वाकलेल्या. त्या मला म्हणाल्या, "फोटु झाला आसंल तर त्यास्नी म्हणावं, ही कड धरा." मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी कॅमेरा गळ्यात टाकला आणि तासभर कड धरली.

* * *

पाण्याचा किस्सा मात्र मला अजून हसून सांगता येत नाही. मैदानावर फवाऱ्यानं पाणी द्यायचं, तेही मोजून. गवताबरोबर आलेल्या तात्यांना ते तुषार बघवेनात. भर दुपारी सगळे जेवायला बसलेले बघून त्यांनी मोठा पाइप सोडला आणि ऊस भिजवावा तसं मैदान भरून दिलं. अखेरच्या तपासणीला साहेब आले ते घोट्यापर्यंत आत गेले. एक बूट तिथंच राहिला. मी डोकं धरून खाली बसलो. तात्या चिखलातून बूट काढत म्हणाले, "पाणी मुरून वाफसा आला की चालंल म्हणावं."

साहेबांनी तीन दिवस दिले. ते तीन दिवस आम्ही आकाशाकडं आणि जमिनीकडं आळीपाळीनं बघत काढले. तात्या जेवले नाहीत. चौथ्या दिवशी मैदान पास झालं, तेव्हा आनंद करायलाही अंगात त्राण नव्हतं.

* * *

पहिली मॅच आम्ही तात्यांच्या घरी टीव्हीवर बघितली. दुपारी चारची होती. कोणते देश खेळत होते, आमच्यातल्या एकालाही आता सांगता यायचं नाही. गोल झाला, स्टेडियम उठून उभं राहिलं, आणि शोभाकाकू म्हणाल्या, "ढेकूळ न्हाय ना निघालं?" आबा टीव्हीकडं पाठ करून बाजेवर पडलेले.

मॅच संपली. हरलेल्या संघाची एक मुलगी गोलासमोर बसली आणि रडायला लागली. कॅमेरा तिच्यावरच थांबला. रडता रडता तिनं दोन्ही मुठींत गवत धरलं आणि जीव खाऊन ओढायला सुरुवात केली. तात्यांनी डोळे मिटून घेतले. पोरगी ओढतच होती.

"न्हाय निघायची, पोरी," मागून आवाज आला. आबा उठून बसले होते. "साठ वरसं मी वडतोय."

मग ते बाजेवरून उतरून टीव्हीपाशी आले, वाकून बघितलं.

"हणमा," ते म्हणाले, "चांगली धरलीया रं."