लॉकरचं बटन बाबांकडे

गेल्या रविवारपासून माझ्याच जीपमधलं एक बटन मला दाबता येत नाही. गाडी माझ्या नावावर, डिझेल माझं, शिव्या खाणारा मी… आणि बटन डावीकडच्या सीटसमोर. या अन्यायाची दाद मागायला सौंसरमध्ये एकही खिडकी नाही, मी चौकशी केली.

आता मुळात बटन कशाला? आमचा संत्र्याचा बगीचा मोहगावच्या बाजूला, नाल्यापलीकडे. पाऊस उघडला तरी तिथली काळी माती गाडीला सहजासहजी सोडत नाही.

जीपच्या मागच्या दोन चाकांपैकी एक घसरायला लागलं की इंजिनची सगळी ताकद तेच पळवतं, आणि ज्याची जमिनीवर पकड आहे ते बिचारं गप्प उभं. ही रचना करणाऱ्यानं आपला कारभार जवळून पाहिलेला असावा… यावर इलाज म्हणजे मागच्या ॲक्सलमध्ये लॉकर बसवणे. तो दोन्ही चाकं एकत्र बांधतो. फिरतील तर दोघं, नाहीतर कुणीच नाही.

एवढा खटाटोप बाबांसाठी. निवृत्त हेडमास्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः उभं राहून संत्र्याची नवी कलमं लावली, आणि त्याच पावसाळ्यात खुब्याचं हाड मोडून घेतलं. तेव्हापासून बगीचा बंद. ट्रॅक्टरवर चढवत नाही, बैलबंडीचे धक्के सोसत नाहीत, आणि जीप दरवेळी नाल्यातून परत.

मी फोनवर फोटो दाखवायचो. "फोटोत उंची समजत नाही," म्हणून ते फोन परत करायचे… कलमं वाढत होती, आणि लावणाऱ्यानं ती पाहिलीच नव्हती.

तर लॉकर कोणता घ्यायचा? एक आपोआप लागणारा, एक बटनाचा. ऑफरोडवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं, तर लोक पोरीचं लग्न ठरवावं तसे भांडले. शेवटी पांढुर्ण्याच्या एका मित्राची जीप चालवून पाहिली. त्याचा आपोआपवाला. बाजारातल्या प्रत्येक वळणावर मागून असा कट्-कट् आवाज, की पानठेल्यावरचे लोक वाकून चाकं बघायचे.

घरी येऊन मी बाबांना फरक समजावला. एक स्वतःच ठरवतो कधी लागायचं, दुसरा सांगितल्याशिवाय हलत नाही.

"घरात आपल्या मनानं चालणारे पुष्कळ झाले," बाबा म्हणाले. "बटनवाला घे."

बसवताना मेकॅनिकला डॅशबोर्डवर रिकामी जागा डावीकडेच सापडली. बाबा तिथे बसले, बटन पाहिलं, आणि विषय संपला. सोबतचं माहितीपत्रक त्यांनी पेन्सिलनं रेघा मारत वाचून काढलं. मी अर्थातच वाचलं नव्हतं.

रविवारी नाल्यात उतरलो. मधोमध चाक घसरलं आणि मी सवयीनं ॲक्सिलरेटर दाबला.

"पाय काढ," बाबा म्हणाले. वर्गात म्हणायचे त्याच आवाजात. "चाक थांबू दे आधी."

चाक थांबलं. त्यांनी बटन दाबलं. मग मी हळूच गाडी सोडली आणि ती, खरं सांगतो, म्हशीसारखी शांतपणे वर चढून आली…

वर आल्यावर वाट डावीकडे वळते. पण दोन्ही मागची चाकं बांधलेली असली की गाडीला वळणं आवडत नाही, ती सरळच ढकलते. मी स्टिअरिंग फिरवतोय, "बाबा, बटन, बटन" म्हणतोय… बाबांचं लक्षच नव्हतं. त्यांना झाडं दिसली होती.

जीप थेट नामदेवभाऊच्या आणि आमच्या शेतामधल्या धुऱ्यावर. मातीचा बांध चांगला गाडीभर आडवा झाला. आमच्याकडे धुऱ्यावरून सख्खे भाऊ तेरवीलाही जात नाहीत, तिथे हा तर शेजारी. तेवढ्यात नामदेवभाऊ कपाशीतून बाहेर आला.

"गुरुजी, धुरा पाडाले थेट गाडी घेऊन आले काय जी?"

बाबा खाली उतरून काठी सावरत होते. "तुह्या बापानं हाच धुरा हातभर आमच्या इकडे सरकवला होता. तरी तुले गणितात पास केलं का नाही मी?"

"केलं जी. म्हून तं काही बोलून नाही राहिलो." आणि त्यानं बाबांचा हात धरला, थेट पहिल्या कलमापर्यंत.

कलम बाबांच्या खांद्याला लागत होतं. त्यांनी काठी बाजूला उभी करून पाहिली, मग हात लावून. "फोटोत बुटकी दिसत होती," एवढंच म्हणाले. पण प्रत्येक झाडाजवळ थांबले. पाय दुखतात का हे विचारायची माझी हिंमत झाली नाही…

सोमवारी सकाळी माझं दुकान उघडायच्या आधी मी एकटाच बाईकवर फावडं बांधून गेलो. धुरा पुन्हा घातला, माती पायानं दाबून बसवली. हातभर पलीकडे सरकवायची इतकी सोपी संधी आमच्या खानदानाला परत मिळायची नाही, हे मला कळत होतं.

धुरा जिथे होता तिथेच घातला. नामदेवभाऊ यायच्या आत निघालो.