कोरेगाव स्टेशनावर उडालेला फेटा

लढाई चालू होती, फिल्म मिळता मिळत नव्हती, आणि मला मात्र कोरेगाव स्टेशनाचा इतिहास फोटोत पकडायची हुक्की आली. साताऱ्यात घरच्यांनी माझा नाद केव्हाच सोडला होता.

इतिहास कसला डोंबलाचा. पहिली गाडी आली तेव्हा रुळांवर नारळ कुणाच्या बापानं फोडला, यावरून पारावर तीन म्हाताऱ्यांची जुंपली. तिघांनाही फोटो हवा होता, तोही एकेकट्याचा. त्यातच फिल्म संपत आली. शेवटचा एक फोटो मी गाडीसाठी राखून ठेवला.

तिघांतला एक जण, जन्मभर रुळांखाली खडी टाकलेला, मला बाजूला घेऊन म्हणाला, "आवं, माझं पोरगं पलटनीत हाय, लय लांब. घरची खुशाली दिसंल असा फोटो धाडा म्हनतंय. मला गाडीम्होरं उभा करा की." आता याला नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी स्वारी गुलाबी फेटा बांधून फलाटावर हजर. बायको मागं कुंपणाशी, पदर पार नाकापर्यंत. "आजी, तुम्हीपण या," म्हटलं, तर पाठच फिरवली तिनं. गाडी धडधडत आली, फेटा सुटून उडाला, एकच गलका झाला आणि नेमका तेव्हाच माझ्याकडून खटका दाबला गेला.

फिल्म संपली. म्हातारा मटकन खाली बसला. "बोडका बाप बघून पोरगं काय समजंल? आय गेली म्हनून रडत बसंल तिकडं." त्याचं खरंच होतं. आमच्याकडं बाप्या माणूस बोडक्यानं दिसला, की घरात कुणीतरी गेलं असंच लोक धरतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साताऱ्याला फोटो धुतला आणि मी हसतच सुटलो. इंजिन निम्मंच आलेलं, म्हातारा बोडका, आ वासलेला. पण फेटा धरायला धावलेली म्हातारीही त्यात होती. पदर खांद्यावर घसरलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू.

फोटो घेऊन लगोलग कोरेगाव गाठलं. तो बघून म्हातारा बायकोवर भडकलाच. "ह्यो धाडायचा न्हाई. तुझ्या डोईव पदर न्हाई, सारी पलटन बघंल."

परक्यासमोर मान वर न करणारी ती बाई. तिनं फोटो उजेडाकडं धरला आणि त्यातल्या कुंकवावर बोट ठेवलं.

"बघू दे पलटनीला," ती म्हणाली. "माझं पोर एवढं बघंल न् निवांत जेवंल."