बायकांच्या नावापुढे ‘नाही’

आमच्या आत्याला माणसं चेहऱ्यानं नाही, तोंडाच्या आतल्या बाजूनं लक्षात राहतात. दातांच्या दवाखान्यात ती एकवीस वर्षं नोंदवही सांभाळते. कुणाच्या तोंडात काय निघालं, वय किती, बाई की पुरुष, तंबाखू खातात का, सगळं तिच्या वळणदार अक्षरात. लग्नकार्यात कुणी मोठ्यानं हसलं की ही पुढे वाकून बघते. आम्ही लाजेनं अर्धमेले होतो.

तिचे ठोकताळे पक्के. वहीत सगळ्यात जास्त भरणा म्हाताऱ्यांचा. कवळी न काढता झोपतात आणि टाळू लाल करून घेतात. परीक्षा आली की विद्यार्थ्यांचं तोंड येतं. काळजीखोर माणसं आतून गाल चावत बसतात. आणि गालात पांढरा चट्टा दिसला, की पुरुष आणि तंबाखू! “बायकांत नाही बाई तंबाखू,” असं ती छातीठोकपणे सांगायची.

मग नवी डॉक्टरीण आली. वयानं कालची पोर, पण नजर घारीची. वही चाळून म्हणाली, “मावशी, यंदा नऊ बायकांना चट्टे निघालेत, पण तंबाखू एकीच्याही नावापुढे नाही. तुम्ही विचारता ना?”

आत्यानं वही ओढून घेतली. ती विचारतच नव्हती! चांगल्या घरच्या बाईला असलं कसं विचारायचं, म्हणून इतकी वर्षं ती आपली आपणच ‘नाही’ लिहून मोकळी होत होती.

त्या संध्याकाळी ती तडक आमच्याकडे आली. दोन महिने तिखट लागलं की आई कळवळायची, आणि “दाढ टोचत असेल गं, वहिनी,” असं आत्याच म्हणायची. आज तिनं चप्पलही धड काढली नाही.

“वहिनी, तू तंबाखू खातेस?”

मला वाटलं, आता भांडी उडणार. एका सिगारेटपायी बाबांशी आठवडाभर अबोला धरणारी माझी आई! ती उठली, डाळीच्या डब्यामागून एक चपटी डबी काढली आणि ओट्यावर ठेवली. “लग्नाआधीपासून,” म्हणाली.

आत्यानं मोबाईलचा टॉर्च लावला. चट्टा नखाएवढा होता. दुसऱ्या दिवशी ती आईला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरणीनं त्यातला कणभर तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवस घरात कुणाला जेवण गेलं नाही. निकाल आला: कर्करोग नाही. पण डबी आजपासून बंद, आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला यायचं.

दवाखान्याचा जिना उतरताना आत्या रडायलाच लागली. “इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?”

“तू विचारलंस का कधी?” आई म्हणाली. “कुणीतरी विचारेल म्हणून जीव मुठीत धरून बसले होते मी. आणि विचारायचं काम करणारी घरातलीच.”