मावशीची सही

शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात मी सहावीला इंग्रजीतलं प्रॉपर नाऊन शिकवते. ‘नदी म्हटलं की कुठलीही नदी; पण नाव घेतलं की ती एकच. असं नाव मोठ्या अक्षराने सुरू करायचं, मग ते वाक्यात कुठेही येवो.’ पंचवीस वर्षं हेच दळण दळतेय. आता ते बोलताना मला माझीच शिसारी येते. कारण मावशी.

मावशी म्हणजे आमच्या शाळेत झाडलोट करणारी. अंगाने काटकुळी, तोंडाने फटकळ. फळ्याखाली खडूचा चुरा सांडला की ‘बाई, शिकवता की पीठ चाळता?’ म्हणून भर वर्गात माझी फिरकी घ्यायची. व्हरांड्यापासून संडासापर्यंत सगळं एकटी घासायची, आणि नाक मुरडणाऱ्या पोरांना तिथेच बादली भरायला लावायची.

ती आली दुसऱ्या एकीच्या जागी. आधीची बाई मुलीकडे राहायला म्हणून गेली ती परतलीच नाही. नवी नेमणूक करायची तर वरच्या ऑफिसात खेटे घालावे लागणार. हेडसर म्हणाले, ‘कशाला ती कटकट? हजेरीच्या मस्टरवर जुनंच नाव चालू दे. झाडू कोण मारतंय ते बघायला कोण येतंय?’ मावशीला अक्षरओळख नव्हती. क्लार्कने मला सांगितलं, ‘तेवढी त्या नावाची सही शिकवून टाका.’ मी शिकवली. मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये, हात धरून. आठ दिवसांत मावशी झोकात सही ठोकायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा, निर्लज्जपणे.

बारा वर्षांनी, म्हणजे यंदा, कागद आला: साठ पूर्ण, महिनाअखेरीस कामावरून कमी. साठ त्या जुन्या बाईची! आमची मावशी एक्कावन्नची. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावणारी ही एकटी. ‘बसल्या जागी म्हातारी केलीत होय मला?’ ती हेडसरांवर कडाडली. हेडसर चहा फुंकत म्हणाले, ‘रेकॉर्ड बोलतं ते खरं. तुम्ही वेगळ्या असाल तर तसा अर्ज द्या.’ रेकॉर्ड यांनीच नासवलेलं, आणि वर हा साळसूदपणा!

मी अर्ज लिहायला बसले. वरच्या ऑफिसला तो इंग्रजीतच लागतो. ‘आय’ लिहिलं आणि पुढे नावाशी पेन अडलं. बारा वर्षं जिने रोज माझा फळा पुसला, तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. विचारावं लागलं. तिने सांगितलं, मी मोठ्या अक्षराने लिहिलं. थू माझ्या शिकवण्यावर!

अर्ज घेऊन आम्ही दोघी शाळेच्या ऑफिसात हेडसरांकडे गेलो. क्लार्क म्हणाला, ‘इथे करा सही, माझ्यासमोर.’ मावशीने ओले हात पुसले, पेन घट्ट धरलं आणि मी अडवायच्या आत एका दमात सही केली. खाली रेघसुद्धा ओढली. क्लार्कने ती वाचली आणि दात काढत कागद हेडसरांपुढे सरकवला.

‘घ्या सर. आपण कोण ते यांनी स्वतःच लिहून दिलं.’

हेडसरांनी अर्ज फाईलला लावला आणि फाईल मिटली. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘चुकलं का हो बाई?’ तिने विचारलं. ‘तुम्ही शिकवलंत तशीच तर केली.’