खजुरीच्या पुलाची रुंदी

गुंडेराव ओव्हरसियरची अख्खी नोकरी उर्दूत झाली होती. निजामी गेली आणि दोनेक वर्षांत दफ्तरात इंग्रजी आली. ज्याला ती जमत नाही त्याला घरी बसवणार, अशी कुजबुज होती. पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ मग पोरांचं पुस्तक उघडून घोकायला लागला. बायको, सुमतीबाई, तोंडाला पदर लावून हसायची.

खजुरीच्या ओढ्यावर, स्मशानाच्या वाटेवर छोटा पूल झाला. त्याचं माप गुंडेरावांनीच ठरवलं आणि अहवालही स्वतः इंग्रजीत लिहिला. पूल 'वाइड इनफ' आहे, म्हणजे पुरेसा रुंद. साहेबांनी चक्क शाबासकी दिली. नोकरी वाचली म्हणून सुमतीबाईंनी शिरा केला. आता शेवटची पाहणी तेवढी राहिली होती.

पाहणीच्या आदल्या दिवशी खजुरीतल्या ईरण्णाची आई नागव्वा वारली. गुंडेराव अंत्ययात्रेला गेले. लिंगायतांत मेलेल्याला बसवून नेतात. केळीचे खांब लावलेल्या, फुलांनी सजवलेल्या डोलीत म्हातारी ऐटीत बसली होती. पुलावर डोली दोन्ही कठड्यांना अडली. तिरपी करावी तर नागव्वा कलंडायची. शेवटी सगळे ओढ्यातल्या गुडघाभर चिखलात उतरले. मधेच एकाचा पाय घसरला आणि म्हातारीची मान लुळी हलली.

ईरण्णा वर येऊन एवढंच म्हणाला, "रावसाब, माप घेतलं तवा कुनाला डोळ्यापुढं धरलं व्हतं?"

गुंडेरावांना उत्तर ठाऊक होतं. त्यांच्या ब्राह्मणांत मेलेल्याला तिरडीवर आडवं नेतात, अरुंद वाटेनंही ती निघते. त्यांनी आपलीच तिरडी मोजली होती. गावात निम्मी घरं लिंगायतांची, आणि विचारायचं सुचलंच नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी साहेब सहीला बसले. गुंडेरावांनी नवा कागद पुढे केला. पूल 'नॉट वाइड इनफ'. चूक माझी. खाली सही.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नोकरी नकोशी झाली का? कुणासाठी पुरत नाही?"

"नागव्वासाठी," गुंडेराव म्हणाले.

साहेबांना नागव्वा माहीत नव्हती. गुंडेरावांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, उर्दूत. तेवढं इंग्रजी त्यांना येत नव्हतं.